तीन फूट बाजूला

सांता क्लारा
९ मार्च २०२५

रेखा,

फोन उचलत नाहीस, ठीक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, तेही ठीक. पण पोस्टमनला काही तू ब्लॉक करू शकत नाहीस, म्हणून हे कागद. वकिलाने मला बजावून ठेवलंय की या प्रकरणाबद्दल कुणालाही ईमेल करायचं नाही, टेक्स्ट करायचं नाही. हाताने लिहिलेलं मराठी पत्र हा प्रकार त्या बिचाऱ्याला सुचलाच नसावा.

चाळीस वर्षं झाली आपल्याला. शिकत असताना स्टेट कॉलेज गावातल्या त्या गळक्या अपार्टमेंटमध्ये एका खोलीत दोन गाद्या टाकून आपण राहिलो. तुझ्या लग्नात मानपानावरून गिरीशच्या आईशी कोण भांडलं? मी. तू नुसती मान खाली घालून उभी होतीस. अनिशच्या बारशाला गिरीशला सख्खी बहीण नाही म्हणून कानात नाव सांगायला आत्या कोण झालं? तेही मीच, आणि पुढे तो मला मावशीच म्हणत राहिला. एवढं सगळं असताना तू माझ्याशी बोलणं टाकतेस आणि तेही एका वाक्यावरून.

ते वाक्य मी नाकारत नाही. इमारत पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी आर्किटेक्टने आम्हा सगळ्यांना कॉलवर घेतलं. तो विचारत होता की जमिनीखालची पोकळी कुणाच्याच कशी लक्षात आली नाही. मी म्हणाले, "फील्डचं प्रोबिंग अनिशकडे होतं. मी त्याच्या रिपोर्टवर विसंबले." अनिश त्या कॉलवर होता. तो काही बोलला नाही. मला वाटलं, म्यूटवर असेल.

आता तूच सांग, यात खोटं काय आहे? रिपोर्टवर सही त्याची आहे. तू फार्मसीवाली, तुझ्या भाषेत सांगते. प्रिस्क्रिप्शन, म्हणजे खांबतुळयांचं डिझाइन, माझं, पण गोळ्या मोजून बाटलीत भरल्या त्याने. बिग आयलंडवर, पुना भागात, सगळी जमीन म्हणजे गोठलेला लाव्हा. वरून टणक काळा खडक आणि आत कुठे कुठे लांबलचक पोकळ नळ्या. वरचा लाव्हा थंड होऊन घट्ट झाला आणि आतला वाहून गेला की अशी नळी उरते. म्हणून तिकडे इमारत उभी करायची तर प्रत्येक खांबाच्या पायाखाली ड्रिलने भोक मारून बघायचं असतं की खाली खरंच खडक आहे की हवा. ते बघायला माझ्या ऑफिसतर्फे अनिश तिथे दोन महिने होता. अठ्ठावीस खांब, अठ्ठावीस भोकं. रिपोर्टमध्ये अठ्ठावीसही ठिकाणी खडक लिहिलेला आहे. मी आणखी काय करायचं होतं?

तू ती इमारत कधी पाहिली नाहीस. ये ये म्हणत राहिले, तुला कायम कुणाचं तरी डोहाळजेवण नाहीतर गणपती. वाचनालय आणि वादळात गावाने आसरा घ्यायची जागा, दोन्ही एकाच छपराखाली. छप्पर ठेंगणं आणि लांब, समुद्राच्या बाजूला उतरत गेलेलं. तिथे नळाचं पाणी नाही, तर छपरावर पडलेला पाऊस टाकीत जाईल आणि तेच पाणी वापरायचं. भिंती तिथल्याच काळ्या दगडाच्या. आणि मधोमध एक चौक, ज्याला फरशीच नाही. दोनशे वर्षांपूर्वी लाव्हा जसा वळ्या पडत गोठला तसाच्या तसा उघडा ठेवलेला. मुलं त्याच्या काठावर पाय सोडून बसायची आणि वाचायची. आर्किटेक्ट म्हणायचा की या बेटाला लपवायचं नाही, याच्यावर हलकेच उभं राहायचं. मी तीस वर्षं पार्किंग गराज आणि सर्व्हरच्या इमारती उभ्या केल्या, रेखा. ज्यात माणसं बसतात आणि वर बघतात अशी एकच केली.

११ फेब्रुवारीला, तीन दिवसांच्या पावसानंतर, मुलांच्या कोपऱ्यातला खांब पायासकट खाली गेला. त्याच्यामागे तुळई आली. मुलं शाळेच्या बसकडे निघाली होती. त्यांना गोष्टी वाचून दाखवणारी बाई चटया गोळा करत होती. पुआ तिचं नाव. तिकडे मोठ्या बायकांना सगळे आंटी म्हणतात, तसं गावभर तिला आंटी पुआ म्हणत. अनिशही म्हणायचा. सहासष्ट वर्षांची होती, आपल्याहून दोन वर्षांनी मोठी.

अनिशला सांग, वकील सांगेल तेवढंच बोल. तापट नाही तो, पण हळवा आहे, आणि हळवी माणसं अशा वेळी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात.

सुलेखा

हिलो
६ एप्रिल २०२५

रेखा,

उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते. (बघत होते.)

चौकशीवाल्यांनी जागा दाखवायला बोलावलं म्हणून इथे आले. इमारतीभोवती जाळीचं कुंपण घातलंय. कुंपणाला फुलांच्या माळा, मुलांनी काढलेली चित्रं, एक चष्मा. चष्मा कुणाचा ते मी विचारलं नाही. अर्धी इमारत जशीच्या तशी उभी आहे. पुस्तकं कपाटात नीट लागलेली दिसतात. आणि अर्ध्या भागात छप्पर जमिनीत गेलंय.

खड्डा मी पाहिला. एफ-नऊ नंबरचा खांब होता तो. वरचा खडक जेमतेम चार फूट जाड आणि खाली नळी, माणूस उभा राहील एवढी. एका बाजूची भिंत मात्र भक्कम दगड. मी काठावर उभी होते तर चौकशीवाला म्हणाला, "मॅडम, मागे या." मला आधी कळलंच नाही की तो माझ्याशी बोलतोय.

परत निघताना कुंपणापाशी एक म्हातारा सुकलेल्या माळा काढून पिशवीत भरत होता. मला बघून त्याने पाण्याची बाटली पुढे केली. ऊन होतं. मी घेतली. तो म्हणाला, "शाळेतून आलात का?" मी म्हटलं, "मेनलँडवरून आले." तो म्हणाला, "खूप लोक येतात. तिला आवडलं असतं." तेव्हा मला कळलं की हा पुआचा नवरा. केन नाव आहे त्याचं. मी कोण ते मी सांगितलं नाही. त्याची बाटली अर्धी प्यायले आणि अर्धी परत दिली, आपण पाहुण्यांकडे करतो तशी संकोचाने. नंतर गाडीत बसून मी हात धुतल्यासारखे सॅनिटायझरने चोळत बसले. वेड्यासारखी.

एक सांगायचं राहिलं. तुझा मुलगा तुझ्यापाशी काही बोलला असेलच. प्रोबिंग चालू असताना गाडीतून येताना तो एफ-नऊबद्दल मला काहीतरी म्हणाला होता खरा. नेमकं काय ते आठवत नाही. तीन वर्षं होतील आता. दिवसाला शंभर गोष्टी कानावर पडतात माझ्या.

सु.

सांता क्लारा
४ मे २०२५

रेखा,

तुझं पाकीट आलं. तुमच्या फ्रिस्कोचा शिक्का बघून मी चपला न काढता दारातून आत पळत आले आणि उघडलं तर एक ओळ. "गाडीत तो काय म्हणाला आणि तू काय म्हणालीस तेवढं लिही, बाकीचं नको."

पहिल्यांदा संताप आला. वाटलं, ही कोण मला विचारणारी. फोनवरून ओरडली असतीस तर मीही ओरडले असते आणि मोकळी झाले असते. एका ओळीवर ओरडता येत नाही. आठवडाभर तो कागद डायनिंग टेबलावर पडला होता. याच टेबलावर तुझा मुलगा तीन वर्षं माझ्यासमोर बसून जेवला. लिहिते.

१७ जून २०२२. शुक्रवार होता. मी दोन दिवसांसाठी साइटवर गेले होते. संध्याकाळी पुनाहून हिलोला परत येत होतो. गाडी तो चालवत होता, मी फॉइलमधून दशमी काढून त्याला तुकडे देत होते. त्याच्या आवडीचा ठेचाही नेला होता.

तो म्हणाला, "मावशी, एफ-नाइनला रॉड पडला."

मी विचारलं, "पडला म्हणजे?"

"चार फुटांवर रॉक संपला. मग नथिंग. सात फूट नथिंग. ड्रिलर पण घाबरला. आय थिंक खाली ट्यूब आहे. हॉटेलवर गेलो की सगळ्यांना मेल टाकतो, ओके?"

रेखा, मला सगळं आठवतं. पाऊस पडत होता, वायपर लावलेले होते, दशमीचा तुकडा माझ्या हातात होता. मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं.

मी म्हणाले, "मेल कशाला लगेच? झाकली मूठ सव्वा लाखाची." त्याला ती म्हण माहीत नव्हती. मी हसत हसत अर्थ समजावला. मग म्हणाले, "उद्या सकाळी तीन फूट बाजूला दुसरं भोक मार. तिथे खडक लागला की तेच एफ-नऊचं म्हणून लिही."

तो म्हणाला, "बट मावशी, फुटिंग तर तिथेच राहणार ना?"

एवढा एकच प्रश्न विचारायचा असतो, रेखा. भोक सरकवलं तरी खांबाचा पाया सरकत नाही. एकतीस वर्षं मी लोकांना हे शिकवलं. त्या पोराने एका वाक्यात विचारलं आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "मी किती इमारती उभ्या केल्यात? आणि तू किती?"

तो म्हणाला, "ओके, मावशी."

दुसऱ्या दिवशी तीन फूट बाजूला भोक मारलं. बारा फूट सलग खडक. नळीची भिंत होती ती. मी स्वतः तिथे उभी होते. मी म्हणाले, "बघ, उगीच घाबरलास." तो कसनुसा हसला.

का केलं, ते तू विचारलं नाहीस. तरी लिहिते, नाहीतर तू मनाशी काहीतरी बरं कारण शोधशील, मला तू आयुष्यभर तशीच सांभाळून घेत आलीस. पोकळी सापडली की काम थांबतं. आत काय आहे ते बघायला माणसं येतात. त्या बेटावर जुन्या लोकांनी आपली मेलेली माणसं अशा गुहांमधून ठेवलेली असतात, त्यामुळे ते बघणं आवश्यकच आहे, त्यात वाद नाही. मग नळी मोजायची, मग भरायची. सहा आठवडे गेले असते. छपराची लाकडं बोटीतून निघाली होती, ती बसवणारे सुतार जुलैपुरतेच मिळत होते. आर्किटेक्ट रोज विचारत होता. आणि मला भीती वाटली की खांब हलवायला लागेल, चौक बदलायला लागेल, आणि मग तो दुसऱ्या कुणाला तरी बोलावेल. दाराशी जी पाटी लागणार होती तिच्यावर माझं नाव येणार होतं. पार्किंग गराजला पाटी नसते. एवढंच कारण आहे. मी खूप शोधलं, याहून मोठं कारण सापडलं नाही.

माझ्या ऑफिसचा नियम आहे की साइटवर दिसलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी मेलवर आली पाहिजे. नियम मीच केला. दुसऱ्या कुठल्याही इंजिनिअरला मी गाडीत असं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "रायटिंगमध्ये द्या." अनिशने तसं म्हटलं नाही, कारण मावशीला कुणी असं म्हणत नाही. आमच्यात सगळं जेवताना ठरायचं. ड्रॉइंगमध्ये काय बदलायचं, कुणाला कामावरून काढायचं, त्याने केयाशी लग्न करायचं की नाही, सगळं आमटी वाढता वाढता. मला त्याचा केवढा अभिमान होता. पोटचं नाही पण हक्काचं आहे, असं मी लोकांना सांगायचे. हक्क कसला होता तो आता कळतं. मी त्याच्याकडून असं काम करून घेतलं जे परक्याने केलं नसतं.

कागदावर कुठेच काही नाही. ड्रिलर गेल्या वर्षी वारला. माझं आणि अनिशचं, एवढंच.

आता तुला कळलं. वकिलाला माहीत नाही. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि खरं सांगू, सांगेन असं वचनही देत नाही. मला भीती वाटते. चौसष्टाव्या वर्षी तुरुंग, किंवा तुरुंग नाही पण नाव गेलेलं. तू हे वाचून मला शिव्या दे. एका ओळीत नको, भरपूर दे.

सुलेखा

होनोलुलू
१२ जून २०२५

रेखा,

तू शिव्याही दिल्या नाहीस.

आज जबाब झाला. अनिश सकाळी, मी दुपारी. तुला त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. त्याच्या जबाबाची प्रत माझ्या वकिलाने जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "गुड न्यूज."

त्याने सांगितलंय की पहिल्या भोकात पोकळी लागली होती. ते त्याने लपवलं नाही. पण भोक सरकवायचा निर्णय आपला एकट्याचा होता, असं म्हणालाय. कुणी सांगितलं का, असं तीनदा विचारलं त्याला. तीनदा म्हणाला, नाही.

मी ते वाचलं आणि पहिली गोष्ट मला काय वाटली ते तुला सांगते, म्हणजे तुझ्या मनात माझ्याबद्दल काही शिल्लक असेल तर तेही जाईल. मला सुटल्यासारखं वाटलं. भूक लागली. मी अख्खं सँडविच खाल्लं.

दुपारी शपथ घेतली आणि त्यांनी विचारलं, "एफ-नऊबद्दल अनिशने तुम्हाला काही सांगितलं होतं का?" वकिलाने शिकवलेलं वाक्य तयार होतं. मला तसं काही स्मरत नाही. मी ते म्हणाले. आवाज अजिबात कापला नाही. पुढे म्हणाले, तो हुशार मुलगा आहे, त्याची नियत चांगली आहे. दया दाखवत होते मी त्याच्यावर. माझी जीभ झडली कशी नाही.

बाहेर आले तर तो व्हरांड्यात बाकावर बसला होता. केया शेजारी होती, ती माझ्याकडे न बघता उठून गेली. बरोबर केलं तिने. तो मात्र उठून उभा राहिला. लहानपणी तूच शिकवलंस त्याला, मोठी माणसं आली की उठायचं. किती वाळलाय गं. शर्टाची कॉलर मानेला सैल झालीये.

त्यानेच विचारलं, "मावशी, बीपीची गोळी घेतलीस ना? तू दुपारची नेहमी विसरतेस."

मी म्हटलं, "का केलंस असं?"

तो म्हणाला, "सही माझी आहे. आय न्यू. तू सांगितलंस म्हणून केलं हे म्हणायला मी काय आठ वर्षांचा आहे?" मग म्हणाला, "आणि आई म्हणाली की मावशीला कुणी नाही."

तू असं म्हणालीस? माझं ते पत्र वाचून, सगळं माहीत असून, म्हणालीस? मला वाटत होतं की तू मला शिक्षा करतेयस म्हणून बोलत नाहीस. आणि तू तिकडे स्वतःच्या मुलाला माझ्या पायाशी नेऊन ठेवलंस. रेखा, हे बरोबर नाही. चाळीस वर्षांच्या मैत्रीची अशी परतफेड मागायला मी कोण आहे आणि असा मुलगा द्यायला तू कोण आहेस? मानपानाच्या वेळी मान खाली घालून उभी राहिलीस तशी आत्ताही राहिलीस. मला तुझा राग आलाय. खरंच आलाय. एकदा तरी भांड माझ्याशी.

त्याचं लायसन्स जाईल. केस उभी राहिली तर आणखी काय काय जाईल. एकतीस वर्षांचा आहे तो.

मी गोळी घेतली. त्याच्यासमोरच घेतली. त्याच्या बाटलीतल्या पाण्याने.

सुलेखा

हिलो
१६ जून २०२५

रेखा,

हे शेवटचं समजू नकोस, पण यापुढची पत्रं कुठून येतील ते सांगता येत नाही.

शुक्रवारी मी चौकशीच्या बोर्डाला लेखी निवेदन दिलं. तारीख, गाडी, दशमी, तीन फूट, म्हणीसकट सगळं इंग्रजीत लिहिलं. म्हणीचं भाषांतर काही जमलं नाही, सरळ लिहिलं की मी त्याला मेल करू नकोस म्हणून सांगितलं. गुरुवारचा माझा जबाब खोटा होता, हेही लिहिलं. खाली सही केली. वकिलाने तिथल्या तिथे माझं काम सोडलं. तुला आधी विचारलं नाही, कारण तू अनिशला विचारलं असतंस, तो नको म्हणाला असता, आणि तू पुन्हा गप्प बसली असतीस.

याने तो पूर्ण सुटणार नाही. नव्या वकिलिणीने स्पष्ट सांगितलं की त्याची सही आहे, त्याला माहीत होतं, त्याला काहीतरी भोगावं लागेलच. पण एकट्याला नाही. माझ्यानंतर, माझ्याहून कमी. एवढंच मी त्याच्यासाठी करू शकले आणि तेही चार महिने उशिरा, एकदा शपथेवर खोटं बोलून झाल्यावर. तेव्हा आभार वगैरे मानू नकोस. गिरीशलाही सांग, मानू नको.

आज सकाळी केनकडे गेले. त्याला हे पेपरातून कळू नये असं वाटलं. वकिलीण नको म्हणत होती. त्याचं घर त्या वाचनालयापासून दोन मैलांवर आहे, लाल खडीच्या रस्त्यावर. दारात चपला काढायच्या असतात तिथे, आपल्यासारख्याच. त्याने मला ओळखलं. म्हणाला, "तुम्ही मेनलँडवाल्या." मी म्हटलं, "हो, आणि ती इमारत माझी आहे." बसा म्हणाला. मी उभ्यानेच सांगितलं. रॉड कसा पडला, मुलाने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. मुलाला मी गप्प केलं हे दोनदा सांगितलं, मला ते त्याच्या नीट लक्षात राहायला हवं होतं.

मी माफी मागायचं ठरवून गेले होते. तोंडात शब्द आला आणि मी तो गिळला, कारण माफी मागितली की समोरच्या माणसाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि त्याच्याकडून मी आधीच पाणी घेतलं होतं.

मग त्याने एकच प्रश्न विचारला. "त्या दिवशी मेल केला असता तर किती उशीर झाला असता?"

मी म्हटलं, "सहा आठवडे."

तो म्हणाला, "ती अकरा वर्षं सह्या गोळा करत फिरत होती त्या वाचनालयासाठी. आणखी सहा आठवडे थांबली असती."

तो रागाने बोलला नाही. हिशेब करून सांगावं तसं म्हणाला आणि उठून आत गेला. मी दारात चपला घालायला वाकले तर बाजूला तिच्या चपला होत्या, अजून उचललेल्या नाहीत कुणी. मला त्या ओलांडून जाववेना. म्हणून मी तिथेच पायरीवर बसून राहिले आणि आता तिथूनच तुला लिहितेय.

सुलेखा